गिलनं मुकादमालाच नारळ दिला

…नाही, नाही, ते खोड. ‘आजोबा’ लिहू नकोस. आजोबा म्हटलं की लोक हसायला बिचकतात. सरळ गिल लिही. गिल आवेलार. आणि माझं नाव येईल तिथं ‘मी’ नको, देओलिंडा लिही. ‘मी’ म्हणून सांगायला लागले ना, की माझ्याही नकळत मी शहाणी होत जाते. देओलिंडा म्हटलं की ती जेवढी वेडी होती तेवढीच राहते. खोडलंस? मला कुठं वाचता येतंय, तू खोडलं म्हणालीस की खोडलं.

तर त्या हजेरीपटाचं सांगत होते. पण आधी मुकादमी सांगायला हवी, नाहीतर कुणाला वाटायचं माणसाच्या डोक्यातच बिघाड होता.

गिल एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालच्या तेर्सेइरा बेटावरून कॅलिफोर्नियात सॅन होजेला आला आणि तिसऱ्या दिवशी जर्दाळूच्या कॅनरीत पट्ट्यापाशी उभा राहिला. सरकता पट्टा. जर्दाळू येणार, दोन्ही अंगांनी बाया बिया काढणार, पुढं डबे, त्याच्या पुढं झाकणं. अकरा वर्षांनी त्याच पट्ट्याचा तो मुकादम झाला आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्याला एक खोड लागली. रिकामा हात दिसला की त्याला खाज सुटायची. कॅनरी बंद पडली, ती पाडून तिथं काचेच्या इमारती आल्या, गिलला निवृत्त होऊन वर्षं झाली, खोड काही गेली नाही. लग्नात जेवायला बसला तर वाढप्यांची मोजणी. ओळखीतल्या फर्नांडोच्या मयताला गेला, तर खांदा देणाऱ्या सहा जणांकडे बघून देओलिंडाच्या कानात म्हणतो, “आजारपणात वाळला होता गं तो. चौघांत झालं असतं.” फ्रिजचं दार लावलं की आतला दिवा विझतो का, हे बघायला हळूच फट पाडून डोकवायचा. दर वेळी दिवा चालूच दिसायचा. चिडायचा.

पण एका ठिकाणी मात्र गिलचा हा नियम उलटा होता, आणि ते ध्यानात ठेव. सणाचं स्वयंपाकघर.

आपल्या पवित्र आत्म्याच्या सणाला इथल्या पोर्तुगीज मंडळींच्या हॉलमध्ये सोपाश रांधतात. गोमांसाचा रस्सा, पावाच्या तुकड्यांवर ओतायचा, वरून पुदिना. येईल त्याला फुकट, हजारभर ताटं सहज. एका वर्षी कमिटीनं हौसेनं एक अजस्र पातेलं आणलं. सहाशे माणसांचा रस्सा एकात. चार जण एका डावाला. गिल खूश झाला, माणसं वाचली म्हणून. आणि मग कमिटीतला तिबेरिओ आला, त्यानं चव घेतली, मीठ टाकलं. तो गेला, त्याचा मेहुणा आला, त्यानं मीठ टाकलं. मग आणखी दोघं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण पातेलं सगळ्यांचं होतं. तो रस्सा पाद्रीबाबांनी तोंडात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं भक्तीनं.

त्या दिवसापासून गिलनं सूत्रं हातात घेतली. चाळीस पातेली. प्रत्येकाला आपापला माणूस. आपला डाव आपल्या पातेल्यात, दुसऱ्याच्या पातेल्यात डाव घातला तर स्वयंपाकघराबाहेर. एखादं पातेलं करपलं तर ते उचलून अंगणात ठेवायचं, बाकीची एकोणचाळीस शिजत राहतात, बाहेर जेवणाऱ्याला पत्ता नाही. आणि एक पातेलं नुसतं उकळत्या पाण्याचं, कायम चुलीवर. कुणी नवा म्हणायचा, “गिलभाऊ, या रिकाम्या पातेल्याखाली गॅस का जाळताय?” गिल म्हणायचा, “करपलं एखादं, तर त्या वेळी पाणी तापवायला बसू का तुझ्याबरोबर?”

एवढा शहाणा माणूस. आता पुढचं ऐक.

गिलची थोरली बहीण फिलोमेना. गिल चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ही पंधराची. तिनंच वाढवला त्याला. बेटावर गावोगावी सणाची छोटी देवळं असतात, तिथं चांदीचा मुकुट असतो. दर वर्षी चिठ्ठ्या टाकतात. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या घरी तो मुकुट आठवडाभर राहतो, घर फुलांनी भरतं, शेजारपाजार रोज संध्याकाळी प्रार्थनेला येतो, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्री तो मुकुट डोक्यावर ठेवतो. फिलोमेना गिलला पाठुंगळी घेऊन दुसऱ्यांच्या डोक्यावरचा मुकुट बघायला जायची. म्हणायची, “बघ हं नीट, पुढच्या वर्षी आपल्याकडं.” पुढचं वर्ष कधी आलंच नाही. साठ वर्षं तिची चिठ्ठी टोपीत पडत होती आणि टोपीतच राहत होती.

एक्याऐंशीव्या वर्षी निघाली.

गिलनं फोनवर ऐकलं आणि खुर्चीत बसला. मग उठून कपाटावरची बॅग खाली काढली. मग डॉक्टरनं सांगितलं, हृदयात नवी झडप बसवून चार महिने झालेत, विमानाचं नाव काढायचं नाही. बॅग परत वर गेली.

तेव्हा फिलोमेनानंच निरोप दिला, की चर्चचा सेवेकरी आपल्या मोबाईलवरून सगळं थेट दाखवणार आहे, चर्चच्या पानावर. तिकडं दुपारी साडेबारा म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेपाच. “तू बघणार असलास तरच मी ताठ बसेन,” म्हणाली. “नाहीतर गुडघे दुखतात माझे, वाकून बसेन.”

मग काय. तुझ्या आईनं तो कॉम्प्युटर दिलेला होताच. गिल त्यावर फक्त बेटावरचं हवामान बघायचा, रोज, जणू दुपारी तिकडं गवत कापायला जायचं होतं. तुझ्या आईनं चर्चचं पान आधीच उघडून ठेवलं आणि सांगितलं, “बाबा, कशालाही हात लावू नका. नुसतं बघा.”

हे तिनं सांगायला नको होतं. हात लावू नका म्हणणं म्हणजे गिलला काम सांगितल्यासारखं.

रविवारी पाच वाजल्यापासून दोघं पुढ्यात बसली. गिल कोट घालून. देओलिंडानं गोड पाव कापला, कॉफी केली. चित्र आलं. चर्च दिसलं, फुलं दिसली, फिलोमेना पहिल्या बाकावर, पांढरी शाल, ताठ. गिलनं नाक पुसलं. आणि मग चित्र अडखळायला लागलं. पाद्री हात वर करायचा आणि हात तसाच वर राहायचा. मग एकदम तो दुसऱ्या टोकाला असायचा. गाणं तुटक तुटक, उचकी लागल्यासारखं.

“मुकुटाच्या वेळी असं झालं तर?” गिल म्हणाला.

“नाही होत. नुसतं बघ.”

“काहीतरी अडवतंय त्याला.”

आता गिलला सलूनवाल्या डेव्हनं एकदा एक युक्ती दाखवून ठेवली होती. तीन बटणं एकदम दाबायची, की कॉम्प्युटरमध्ये कोण कोण काम करतंय त्याची यादी येते. टास्क मॅनेजर म्हणतात तिला. गिल तिला हजेरीपट म्हणायचा. आजवर कधी उघडला नव्हता. त्या सकाळी उघडला.

देओलिंडाला अक्षर येत नाही, पण गिलचा चेहरा वाचता येतो. तो चेहरा तिनं वीस वर्षांनी बघितला. कॅनरीत उशिरा शिट्टी झाली की व्हायचा तो.

“देओलिंडा,” तो म्हणाला, “पानं किती उघडलीत आपण?”

“एक.”

“आणि हे बघ. ब्राउझर, ब्राउझर, ब्राउझर, ब्राउझर…” तो बोटानं मोजत खाली गेला. “एकोणीस. एका पानाला एकोणीस जण. सगळे एकाच नावाचे. आणि काम बघ त्यांचं, याच्यापुढं शून्य, याच्यापुढं शून्य, हाही शून्य. बसलेत नुसते.”

“सगळे एकाच घरचे असतील,” देओलिंडा म्हणाली. “कुणीतरी आपले मेहुणे लावून घेतले असतील कामाला.”

असली चटकदार वाक्यं तिला नको तेव्हा सुचतात. गिलला ते पटलं. पडद्यावर पाद्री प्रवचन सांगत होता, म्हणजे मुकुटाला अजून पंधरा-वीस मिनिटं होती. गिल म्हणाला, “तेवढ्यात गर्दी कमी करून घेऊ.”

पहिल्याला नारळ दिला. काहीच झालं नाही. चित्र चालूच.

“बघितलंस?” गिल म्हणाला. “गेलेला कळलासुद्धा नाही.”

दुसऱ्याला दिला. आवाज बंद. पाद्री तोंड हलवतोय, आवाज नाही. गिल जरा चपापला. पण थोड्या वेळानं आवाज आपोआप आला. तिसऱ्याला दिला, तर सगळा पडदा काळा, देओलिंडानं छातीवर क्रूस केला, तोवर चित्र परत. गिलनं हजेरीपट पाहिला. तीन काढले, तरी अठरा शिल्लक.

“मागच्या दारानं परत येतायत,” तो म्हणाला. “एक हाकलला की तसाच दुसरा.”

चौथ्याला काढलं तेव्हा चित्र तसंच राहिलं, पण बाजूला एक बेकरीची जाहिरात सारखी नाचत होती, तिच्या जागी राखाडी चौकोन आला आणि त्यात एक रडकं तोंड. गिल हसला. “हा खरा चोर. आमच्या चर्चच्या पानावर पाव विकत होता.”

आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर थांबला असता तर आज सांगायला काही नव्हतं. पण पडद्यावर पाद्री वेदीकडं वळला. लोक उभे राहिले. फिलोमेनाला दोघी जणी हाताला धरून पुढं न्यायला लागल्या. आणि नेमकं चित्र अडकलं. फिलोमेनाचा एक पाय उचललेला, तसाच वर.

“चल,” गिल पडद्याला म्हणाला. “चल, चल, ठेव पाय खाली.”

पाय वरच.

तेव्हा देओलिंडा पुढं वाकली. अक्षर येत नसलं तरी आकडा येतो तिला, बाजारात कुणी फसवून दाखवावं. तिनं सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “त्या बारक्यांना काय छळतोस? हा बघ वरचा. याच्यापुढचा आकडा सगळ्यात लांब. सगळं हाच खातोय. याला काढ.”

गिलनं काढलं.

चर्च गेलं. फिलोमेना गेली, तिचा वर उचललेला पाय गेला, बेकरीचं रडकं तोंड गेलं. हजेरीपटावरची ती सतरा-अठरा नावं एका फटक्यात नाहीशी. पडद्यावर राहिला तुमचा सगळ्यांचा तळ्याकाठचा फोटो.

कॉफीवर साय धरत होती.

मग गिलनं तो ब्राउझर पुन्हा उघडला. कॉम्प्युटरनं विचारलं, आधीची पानं परत उघडू का. आणि गिल काय म्हणाला असेल? “आधीची कशाला, आत्ताचं पाहिजे.” आणि नको म्हणून दाबलं. कोरं पान आलं. चर्चचं पान कुठं राहतं हे ना त्याला ठाऊक, ना हिला. तुझ्या आईला फोन लावला, तर तिचा फोन रविवारचा बंद.

गिल उठला. कोटाखाली पायजमाच होता, पायात सपाता. तसाच शेजारच्या विनी त्सेंगच्या दाराशी गेला. विनीचं वय पन्नाशीचं, तीस वर्षं तसल्याच काचेच्या इमारतींमध्ये काम केलेली, आणि काम काय, तर ब्राउझर बनवायचं. पण शेजाऱ्यांना तिचं काम कधी कळलं नव्हतं. दर सणाला ती सोपाश जेवायला यायची, दोनदा घ्यायची, आणि गिलच्या पातेल्यांची रांग बघत उभी राहायची. आम्हाला वाटायचं तिसऱ्यांदा घ्यायची लाज वाटत असेल.

“विनीबाई,” गिल दारात म्हणाला, “माझी बहीण एका पायावर उभी आहे.”

विनीनं काही विचारलं नाही. आत घेतलं, आपला कॉम्प्युटर उघडला. गावाचं नाव सांगितल्यावर चर्चचं पान सापडायला थोडा वेळ लागला, त्या नावाची तीन गावं निघाली. मग चित्र आलं, तेही अडखळतच. इथंही पाद्री या टोकाचा एकदम त्या टोकाला.

“तुमच्याकडंही फुकटे भरलेत वाटतं,” गिल म्हणाला.

“कोण?”

तेव्हा गिलनं कबूल केलं. एकोणीस होते, एक एक करून काढले. विनीनं ओठ दाबून धरले. “गिलभाऊ, हे अडखळणं तिकडचं आहे. त्या सेवेकऱ्याच्या मोबाईलला रेंज कमी पडतेय. तुमच्या त्या एकोणीस जणांचा त्यात काही दोष नव्हता.”

गिल हळूच खुर्चीत बसला. “कुणाचाच?”

“कुणाचाच.”

“पण एका पानाला एकोणीस जण कशाला लागतात? एवढं तरी सांगा.”

“तुम्हाला चाळीस पातेली कशाला लागतात?”

“ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

गिलनं मिठाची गोष्ट सांगितली, तिनं ती दहा वेळा ऐकली होती तरी. तिनं पुरी सांगू दिली. मग म्हणाली, “आमचंही आधी तसंच होतं. मी नोकरीला लागले तेव्हा ब्राउझर म्हणजे एकच मोठं पातेलं. दहा पानं उघडी असायची, त्यातलं एक बिघडलं की दहाही जायची, अर्धं लिहिलेलं पत्रसुद्धा. म्हणून वेगळी केली. आता एक करपलं तर तेवढंच उचलून अंगणात.”

“पण माझं एकच पान होतं.”

“एकच दिसतं. त्यात बेकरीची जाहिरात होती ना? ती बेकरीच्या घरून येते. चित्र तिसऱ्याच घरून. परक्याला तुम्ही आपल्या पातेल्यात डाव घालू देता का? उद्या तुम्ही बँकेचं पान उघडाल, आणि शेजारी कुठल्या तरी भामट्याचं पान असेल. एकाच पातेल्यात असले तर तो काय काय उपसून नेईल.”

“म्हणजे सगळ्यांवर संशय घ्यायचा.”

“तुम्ही घेता ना तिबेरिओवर.”

गिल कोटाचं बटण लावायला लागला.

“शिवाय एक जण नुसता आवाज बघतो,” विनी म्हणाली. “एक पडद्यावर चित्र काढतो. एक बाहेरून माल आणतो. ते पडले तर पुन्हा उभे राहतात, म्हणून तुम्हाला वाटलं मागच्या दारानं येतायत.”

“आणि पहिला? त्याला काढला तर काहीच झालं नाही. तो तरी फुकटा होता की नाही?”

“तो बहुतेक उकळत्या पाण्याचं पातेलं असेल. पुढचं पान उघडाल तेव्हा वेळ लागू नये म्हणून तयार ठेवलेला.”

देओलिंडा दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसू येत होतं. गिलनं हळूच विचारलं, “एवढी सगळी मेमरी खातात ती?”

“खातात की. चाळीस चुलींना गॅस जास्तच लागतो. तुम्ही कमी केल्यात कधी चुली?”

“आणि तो शेवटचा? सगळ्यात वरचा?”

विनीनं सांगितलं. “तो मुकादम होता, गिलभाऊ. बाकीच्यांना तोच कामाला लावतो, पडलेल्याला तोच उठवतो. तो गेला की सगळे घरी.”

गिलनं देओलिंडाकडं पाहिलंही नाही, बरं का. पडद्याकडंच बघत राहिला. “म्हणजे मी मुकादमालाच नारळ दिला,” तो म्हणाला. “वीस वर्षं मुकादमी केली, आणि मुकादम ओळखता आला नाही मला.”

तेवढ्यात चित्र जरा सुरळीत झालं. चर्चचं दार, बाहेर ऊन, बँडवाले. मिरवणूक निघाली होती. फिलोमेना दोघींच्या मधून हळूहळू चालत होती, दोन्ही पायांवर, देवाची कृपा. पण डोक्यावर मुकुट नव्हता. तो एका मुलीच्या हातात चांदीच्या तबकात होता.

गिल पुढं झुकला. “झालं वाटतं. का झालंच नाही? डोक्यावर का नाही तो?”

तो पायजम्यात, सपाता घालून विनीच्या खुर्चीत मिरवणूक संपेपर्यंत बसून राहिला. विनीनं चहा दिला, तो त्यानं हातात धरला आणि प्यायला नाही. साठ वर्षं तिनं वाट पाहिली, आणि तो क्षण आला तेव्हा हा माणसं कमी करत बसला होता. हे तो बोलला नाही. देओलिंडा बोलली असती तर तेच बोलली असती, म्हणून तीही गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आल्यावर त्यानं फोन लावला. तिकडं जेवणं चालली होती, भांड्यांचा आवाज. फिलोमेना आली.

“बघितलंस ना?” तिचा पहिला प्रश्न तोच.

देओलिंडानं शेजारून खूण केली, बघितलं म्हण. म्हातारीला कशाला दुखवायचं. गिलनं नाही म्हणून मान हलवली.

“नाही बघितलं, मेना. तुझा पाय उचललेला बघितला, आणि मग मी यंत्र मोडलं.” आणि त्यानं सगळं सांगितलं. एकोणीस माणसं, नारळ, बेकरी, मुकादम.

मग हसण्याचा आवाज आला. ती म्हातारी हसता हसता खोकायला लागली, कुणीतरी तिला पाणी दिलं.

“बरं झालं रे पोरा,” ती म्हणाली. “बरं झालं नाही बघितलंस. मुकुट मोठा होता. फादरनं ठेवला आणि तो सरळ खाली, चष्म्यावर, चष्म्यावरून नाकावर. मला काही दिसेना. फादर वर ओढतायत, मी म्हणतेय राहू दे, राहू दे. सगळ्या बेटानं बघितलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, माझ्या बाबतीत नाकावरच येऊन बसला. शेवटी तबकात ठेवला, म्हटलं, चालताना पडले तर मुकुटाला पोचा यायचा.”

“पण ठेवला ना डोक्यावर?”

“ठेवला. ताठ बसले होते. तुला वाटत असेल तू बघतोयस म्हणून, तर नाही, तुझ्या नावानं बसले होते.” आणि मग, “गिला, त्या एकोणिसांना परत घेतलंस का कामावर?”

“घेतलं. मुकादमासकट.”

“त्यांची माफी माग.”

आणि त्यानं मागितली, हे लिही. फोन ठेवल्यावर कॉम्प्युटरपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “चुकलं बाबांनो.” देओलिंडानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आपल्याकडचा सण आला. पहाटेपासून चाळीस पातेली, नुसत्या पाण्याचं पातेलं उकळतंय. गिलनं डावानं कडेवर टकटक केलं, सगळे गप्प झाले, आणि त्यानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. आपली फजिती करून घ्यायची तर पुरती, असा त्याचा हिशेब. पायजम्याचंसुद्धा सांगितलं. तिबेरिओ एवढा हसला की त्याला बाहेर जाऊन बसावं लागलं. तेव्हापासून सहा वर्षं, दर सणाला मांस चुलीवर चढलं की कुणीतरी म्हणतं, “गिलभाऊ, मुकादमाची होऊ दे,” आणि तो सांगतो. नवा कुणी आला की त्याला कामाचे नियमही त्यातच कळतात. आणि हल्ली फ्रिज उघडून बघायचं त्यानं सोडलंय. म्हणतो, त्या दिव्यालाही काहीतरी काम असेल.

पण एक गोष्ट तो कधी सांगत नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. तो म्हणतो, “मग मी वर बघितलं, सगळ्यात लांब आकडा दिसला, आणि मी त्यालाच काढलं.” मी बघितलं म्हणतो. देओलिंडा तिथंच मागं पुदिना निवडत उभी असते. पहिल्या वर्षी तिला वाटलं, विसरला. दुसऱ्या वर्षी तिनं त्याच्याकडं पाहिलं, तर त्यानं डोळा बारीक केला आणि पुढं सांगत राहिला. आणि ती बया पुदिना निवडत राहिली. खुशाल बोट लावणारी, वर जिभेला कुलूप. बाजारात कांद्यासाठी भांडायला तोंड आहे तिला, पण चाळीस पातेल्यांपुढं एवढं एक वाक्य बोलवलं नाही.

म्हणून तुला बसवलं लिहायला. आता इथं ‘मी’ लिहिलंस तरी चालेल. बोट माझं होतं.

तर हे जो कुणी वाचेल, त्याला माझं एवढं सांगणं. तुमच्यातलं कुणी यंदा तेर्सेइराला गेलं, तर फिलोमेनाच्या घरी जा. मुकुटवाल्या देवळामागं दुसरं घर, दारात तिची आरामखुर्ची असते. सत्त्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, तेव्हा डाव्या कानाशी मोठ्यानं सांगा, की मुकादमाला काढ म्हणून सांगणारी देओलिंडा होती, गिलला उगीच बोल लावू नकोस. आणि तिला थोडा गोड पाव द्या माझ्या नावानं, मऊ असलेला, दात नाहीत तिला.